वर्णानुक्रमे लोणार

आमच्या गावातल्या बायकांची वर्षातून एकदा ट्रिप निघते. पहाटे जायचं आणि रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत घरी. गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथून कुठंही निघालं की पहिला तास आपलाच तालुका ओलांडण्यात जातो. ही ट्रिप माझ्या पत्नीनं सुरू केली आणि बारा वर्षं तिनंच चालवली. मी एकदाही गेलो नाही. नोकरीत होतो तोवर शाळेचं कारण होतं, निवृत्तीनंतर पुस्तकांचं. ती कारण विचारत नसे. जाताना एवढंच म्हणे, "भाजी झाकून ठेवली आहे, पान उलटताना तिच्यावर हात पडू देऊ नका."

ती गेल्या पावसाळ्यात गेली. कापसाची दुसरी वेचणी आटोपली आणि एका सकाळी चार बायका माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. मग त्यातली वयानं मोठी म्हणाली, "सर, यंदा लोणार ठरलं व्हतं. काकूनंच ठरवलं व्हतं."

मला ते ठाऊक नव्हतं.

"तुमी फक्त सोबत चला. माणूस पाह्यजे एक, नावाले."

नावाला का होईना, माणूस कशासाठी पाहिजे ते पुढच्या वाक्यात कळलं. पारावर बसणाऱ्या पुरुषांचं म्हणणं पडलं होतं की काकू होत्या तोवर ठीक होतं, आता कोणाच्या भरवशावर पाठवायचं? शेवटी एकानं निकाल दिला होता : "या साली जा. पन काही लफडं झालं, तं पुढच्या सालापासून बंद." म्हणजे बायकांचा वर्षातला एक मोकळा दिवस, तो राहणार की जाणार, हे या एका ट्रिपवर होतं. आणि ही ट्रिप अशा माणसाच्या हाती येत होती, ज्याला स्वतःच्या घरातला चहाचा डबा सापडायला तीन महिने लागले होते.

मी हो म्हटलं.

पत्नीची एक वही होती, ट्रिपची. ती काढून पाहिली आणि मास्तर म्हणून मला वाईट वाटलं. एकाही बाईचं नाव नाही. आडव्या रेघा मारून चौकोन केलेले आणि त्यात असले शब्द : 'ओकारी, पुढे.' 'गुडघे.' 'खिडकी नको, रडते.' एका चौकोनात 'दूर' आणि चार ओळी खाली दुसऱ्या चौकोनात पुन्हा 'दूर'. ही काय यादी झाली? मी वही मिटली, कोरा फुलस्केप कागद घेतला आणि पस्तीस बायकांची नावं वर्णानुक्रमे लिहून काढली. प्रत्येकीपुढे सीट नंबर. अ पासून सुरुवात, ह ला शेवट. समास सोडला, खाली सही केली. प्रत्येकीला तिच्या नंबराची चिठ्ठी घरपोच दिली.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला लक्झरी पाराजवळ येऊन लागली. लोणारला जाऊन कणकेचे रोडगे भाजायचे म्हणून बायकांनी गोवऱ्यांची दोन पोती आणली होती. ड्रायव्हर डिकीपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मावशी, हे लक्झरी हाय. बैलगाडी नाई."

"मंग तुले रोडगे नाई पाह्यजेत का?"

ड्रायव्हरनं डिकी उघडली.

बायका चढल्या आणि प्रत्येकीनं हातातली चिठ्ठी पाहून आपला नंबर शोधला. गडबड नाही, ओरडा नाही. मला धन्यता वाटली. पारावरच्या निकालाची मनातून जी धास्ती होती ती बरीच कमी झाली. शिस्त लावली की लागते, असं मी ड्रायव्हरला म्हणालोसुद्धा आणि त्याच्या बाजूच्या एकट्या सीटवर बसलो.

"काकू इथी बसत नोत्या," तो म्हणाला.

"मग कुठे बसायच्या?"

"बसतच नोत्या. उभ्याच राहत. मांगं-पुढं, मांगं-पुढं."

दर ट्रिपनंतर तिचे पाय सुजत. मला वाटे, डोंगर-पायऱ्या चढल्यानं सुजत असतील. तसं मी विचारलंही नव्हतं, आपलं आपण धरून चाललो होतो.

शेगाव यायच्या आत वर्णानुक्रमाचं खरं रूप दिसू लागलं. जिचं नाव ह नं सुरू होतं ती शेवटच्या सीटवर होती आणि प्रत्येक गतिरोधकाला टप्प्यानं वर उडत होती. तिला गाडी लागते हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला नव्हतं. मी मागे जाऊन म्हटलं, "अहो, पुढे या की."

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "नाई सर. माह्या नंबर हाच हाय." आणि पिशवीत तोंड घातलं.

या बायका सोसायटीचं, बँकेचं, ग्रामपंचायतीचं कोणाचंही ऐकत नाहीत. पण सरांनी सही करून दिलेला कागद होता, तो मोडायचा कसा? खिडकी दिली की माहेरची आठवण येऊन रडणारी खिडकीत बसून रडत होती. गुडघे दुखणारी अशा जागी होती जिथं पाय पसरता येत नव्हते. आणि सत्तावीस-अठ्ठावीस नंबरांवर, माझ्या सुवाच्य अक्षराच्या कृपेनं, दोन सख्ख्या जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या.

या जावांचा तीन वर्षांपासून अबोला. बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून झालेला. एका घराचे दोन भाग, मधे अंगण एक, नळ एक. त्यामुळे बोलल्याशिवाय भागत नाही. म्हणून त्या बकरीशी बोलतात. थोरली अंगणात येऊन बकरीला सांगते, "सांग वं, नळ आला म्हणा." धाकटी बकरीलाच उत्तर देते, "आयकू आलं म्हणा, बह्यरे नाई आमी." गावाचा याबाबतीत एक नियम आहे आणि तो सगळे पाळतात : बकरीला सांगितलेलं तिसऱ्यानं ऐकायचं नाही. ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं करायचं. नाहीतर एक दिवस आपल्यालाच मधे पडावं लागतं.

वहीतले दोन 'दूर' कोणाचे, ते मला तेव्हा कळलं.

बसमध्ये बकरी नव्हती. थोरली समोरच्या सीटच्या पाठीला म्हणाली, "थंडी वाजून राह्यली काही लोकायले." धाकटीनं खिडकी लावली आणि पडद्याला सांगितलं, "आजकाल खिडक्या आपोआपच लागतात बाप्पा." आजूबाजूच्या बायका नियमाप्रमाणे रस्त्याकडे पाहत होत्या.

लोणारला काठावर उभं राहून मी त्यांना विवर दाखवलं. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून अशनी येऊन आदळला, त्याचा हा खड्डा, असं समजावून सांगितलं. थोडा वेळ सगळ्या आदरानं पाहत राहिल्या. मग एकीनं विचारलं, "कोनाच्या वावरात पडला?"

"तेव्हा शेतीच नव्हती, वावरं कुठली."

"मंग पंचनामा काह्याचा व्हते." ती दुसरीला म्हणाली, "चाल वं. आपल्या घरचा खड्डा बुजत नाई, लोकायचा काय पाह्याचा."

तरी उतरल्या सगळ्या. गुडघेवालीही निम्मी उतरून एका दगडावर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाली काय आहे ते सांगू लागली. पाण्याचा वास घेऊन नाकं मुरडली, देवळं पाहिली. परत वर येऊन एका ओळखीच्या वावरात गोवऱ्या पेटवल्या, रोडगे भाजले. वरण, वांग्याची भाजी, तुपाची धार. ड्रायव्हरनं पाच रोडगे खाल्ले आणि गोवऱ्यांविषयी पुन्हा अक्षर काढलं नाही. मग सगळ्या धारेवर गेल्या. गोमुखातून बारमाही पाणी पडतं तिथं हातपाय धुतले, एकमेकींवर पाणी उडवलं. माझी पत्नी असती तर तीही भिजली असती. मी जरा दूर, सावलीत पुस्तक उघडून बसलो होतो. वाचलं काही नाही.

साडेतीनला मी गाडीत हजेरी घेतली. एक नंबर, दोन नंबर, वर्गात घ्यायचो तशी, कागदावरची नजर न उचलता. प्रत्येक नंबराला "हाव" असं खणखणीत उत्तर येत गेलं. पस्तीसही हजर. आपली पद्धत कशी बिनचूक आहे याचं समाधान घेऊन मी ड्रायव्हरला खूण केली.

गाडी मेहकरच्या रस्त्याला लागली. मागून थोरलीचा आवाज आला, "गाडीत जागा लय मोकळी झाली बाप्पा." ती पाण्याच्या बाटलीशी बोलत होती. नियमाप्रमाणे कोणी ऐकलं नाही. मीही नाही, मी नियम पाळणाऱ्यातला.

थोड्या वेळानं : "काही लोकायले मोजता येत नाई, अन् शाळा शिकवली म्हन्तात."

मी पुस्तकात डोकं घातलं.

आणखी दोन किलोमीटर गेले. मग थोरली सीटवरून ताडकन उठली, दांडी धरली आणि सरळ माझ्याकडे पाहून ओरडली, "सर! सत्तावीस नंबर गैरहजर हाय!"

जावेचं नाव घेतलं नाही. नातं सांगितलं नाही. नंबर सांगितला. तो तिला मीच दिला होता.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. सत्तावीस नंबरची सीट रिकामी होती. तिच्यावर धाकटीची पिशवी, पिशवीत तिचा मोबाइल. मग "हाव" कोण म्हणालं? पहिल्या रांगेतली सर्वांत म्हातारी बाई शांतपणे म्हणाली, "मी म्हटलं ना. सगळ्याले मीच म्हटलं. सर इतके मानानं इचारून राह्यले, कोनीतरी हाव म्हनाले पाह्यजे का नाई?"

गाडी वळली. पारावरचं ते वाक्य प्रत्येकीच्या तोंडावर मला वाचता येत होतं. एक बाई परगावी हरवली, ही बातमी आमच्या गावी पोचली असती तर लफडं या शब्दाला दुसरा अर्थ शोधावा लागला नसता. ते अंतर मी ड्रायव्हरच्या मागे उभ्यानं काढलं.

धाकटी धारेजवळच्या पायरीवर होती. पाय पाण्यात, ओच्यात भुईमुगाच्या शेंगा. मला धाप लागलेली पाहून तिनंच विचारलं, "काय झालं सर? पानी आनू का?"

"अहो, गाडी गेली होती! तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना, आधी. गाडी दिसे ना तवा." तिनं एक शेंग फोडली. "मंग म्हटलं, बाजूले कोन बसेल हाय? आमची मोठी हाय ते. बोलनार नाई, पन सांगन."

ती गाडीत चढली. बसली. गाडी निघाली. थोरलीनं बाटली उचलली, बाटलीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवून दिली.

"तुले अक्कल हाय का वं?" तिनं थेट धाकटीला विचारलं. "लेकरू हायस का? पाय बुडवून बसली म्हशीवानी!"

"तुमी काऊन नाई हटकलं मंग? निंगताना दिसलं नाई तुमाले?"

"मी काऊन हटकू? तुह्यावाला फोन काय लोनचं घालाले आनला?"

"लोनचं घालाले लिंबं लागतात. ते तं तुमी नेले सारे!"

कोणीतरी ड्रायव्हरला त्यानं लावलेलं गाणं बंद करायला सांगितलं. मेहकर गेलं, खामगाव गेलं. तीन वर्षांचं साचलेलं होतं, आणि आता ते बकरीला सांगितलेलं नसल्यामुळे सगळ्यांना ऐकायची मुभा होती. चौतिसाव्या नंबरची तर ऐकण्यासाठी नंबर सोडून पुढे आली. मग ह वालीही आली आणि बाकीच्याही हव्या तिथं बसल्या. शेगावपर्यंत माझा वर्णानुक्रम संपला होता आणि कोणालाही गाडी लागत नव्हती.

गाव जवळ आलं तसं भांडण थांबलं.

पारापाशी पुरुष उभे होते. आम्हाला सव्वा तास उशीर झाला होता. दार उघडलं आणि धाकटीचा नवरा, ज्यानं निकाल दिला होता तोच, पुढे आला.

"काऊन उशीर?"

बायका एकेक करून पिशव्या सावरू लागल्या. मग थोरली पायरी उतरता उतरता म्हणाली, "पंचर झालं."

त्यानं बायकोकडे पाहिलं. धाकटी चप्पल शोधत होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "व्हय का सर?"

शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करत असे. आत्ता मीच पायरीवर उभा होतो आणि आतून-बाहेरून सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या.

"मागचं टायर," मी म्हणालो. "डावीकडचं."

"नट निंगे ना भाऊ," ड्रायव्हरनं आतूनच सांगितलं.

धाकटीचा नवरा गाडीच्या मागे गेला. डाव्या टायरवर एक लाथ मारून पाहिली, मग उजव्यावर. परत आला.

"पुढच्या साली गाडी पाहून ठरवत जा सर," तो म्हणाला. "टायर आधी पाह्याचे."

पाहीन, असं मी त्याला सांगितलं.