विटांत गेलेला पूर

पत्रक मी आधी छापलं आणि माती नंतर तपासून घेतली. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण नंतर ते लपवायचा मोह होईल.

मथळा होता, ‘नदी खोटं बोलत नाही! काठावर अकरा पुरांची साक्ष!’ मथळे मला जमतात. कॉलेजात होते तेव्हापासून मोर्च्यांची पत्रकं लिहीत आले आहे. एका ओळीत एक आरोप, वाक्य छोटं, उद्गारचिन्ह मोठं. कोल्हापुरातल्या आमच्या समितीत नदीचं काही आलं की कागद माझ्याकडं सरकवला जातो. हाही तसाच सरकला.

प्रश्न असा होता. कुरुंदवाडच्या अलीकडं पंचगंगेकाठच्या एका गावाबाहेरून नवा रस्ता जाणार होता. नदीच्या बाजूच्या सखल रानातून, उंच भराव टाकून. पाणी जायला मोऱ्या जेमतेम दोन. पुराचं पाणी त्या भरावाला अडलं तर फुगून मागं येणार आणि गावातल्या खालच्या गल्लीत शिरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण रस्त्याच्या अहवालात एक वाक्य होतं, ‘सदर क्षेत्रात पुराचे पाणी क्वचित येते.’ क्वचित! एकोणीस साली आणि परत एकवीस साली खालच्या गल्लीतल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वरच्या शाळेत राहायला गेल्या होत्या. त्यावर अहवालाचं म्हणणं, दोन पूर हा अपवाद. त्याआधीच्या नोंदी लांबच्या पुलावरच्या, या रानाच्या नव्हेत. म्हणजे आधीचं कुणाला माहीत नाही, म्हणून आधी काही घडलंच नाही.

मला राग आला. राग आला की मी पुरावा शोधते, आणि तेव्हा जो पहिला सापडेल तो मला खरा वाटतो.

पहिला सापडला वीटभट्टीपाशी. तिथं काठ पुरुषभर उभा तुटलेला आहे आणि त्या कापात थर दिसतात. पिवळट, मग करडा, परत पिवळट, परत करडा. पूर येतो, गाळ टाकतो, ओसरतो, त्यावर पुढचा. मी मोजले, अकरा भरले. फोटो काढला, पत्रकावर टाकला. कुरुंदवाडच्या बाजारात एक गठ्ठा वाटूनही झाला. रस्त्यावरच्या हरकतींच्या सुनावणीला दहा दिवस होते. एखाद्या जाणत्या माणसाची सही असावी म्हणून भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका मॅडमना गाडीत घालून तिथं नेलं. त्या बघतील, वा म्हणतील, सही करतील, एवढीच माझी अपेक्षा.

मे महिना. मॅडमनी छत्री माझ्या हातात दिली, कापाजवळ उकिडव्या बसल्या आणि खिशातल्या सुरीनं माती खरवडून तोंडात टाकली.

“मॅडम!”

“थांब.” त्यांनी ती दातात चावली, थुंकली, पाण्यानं चूळ भरली. “पिवळा थर गाळाचा वाटतोय. करड्यात मात्र राख आहे गं. नदी राख कुठून आणेल?”

मी म्हटलं, वरच्या अंगाला कुठं काही जळलं असेल. त्यांनी माझ्याकडं नापास पोराकडं बघावं तसं बघितलं.

“बरं, दुसरं सांग. साक्षीदार खरा की खोटा हे कसं ठरवतेस?”

“तो काय सांगतोय त्यावरून.”

“नाही. जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे ते त्याला आधी विचारायचं. ते बरोबर सांगितलं, तर आपल्याला ठाऊक नाही ते ऐकायचं. एकोणीसचा पूर तू पाहिलास?”

“कमरेएवढ्या पाण्यातनं जेवणाची पाकिटं वाटलीत मी.”

“मग तो यात दाखव.”

मी वरच्या थरावर बोट ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, वरचा आहे म्हणून ठेवलं. तेवढ्यात भट्टीवाले चाचा चहाचे कप घेऊन आले. भट्टी त्यांची, वडलांपासूनची, आणि घर खालच्या गल्लीत. मी त्यांच्याकडं याआधी दोनदा चहा प्याले होते, त्यांच्याच काठाचा फोटो काढला होता. एक प्रश्न विचारला नव्हता.

“काय शोधताय वं ताई?”

“एकोणीसचा पूर, चाचा. हा बघा, इथं.”

चाचांनी वाकून पाहिलं आणि हसायलाच लागले. “त्यो हितं कुठला घावतोय? त्याच्या विटा केल्या की आमी!”

“म्हणजे?”

“पुराचा गाळ म्हंजे लोणी असतंय विटंला. पाणी उतारलं, वीतभर गाळ हुता सगळ्या रानात. खरवडून काढला, थापल्या विटा, विकल्या. एकवीसचाबी तसाच. दोन्ही पूर गेले वरच्या गल्लीतल्या भिंतींत.”

“मग हे थर?”

“ह्ये व्हय? ही विटा थापायची जागा न्हाय का आमची. जागा खचली की भट्टीतली राख अंथरायची, वर जरा माती, चोपून सारखी करायची. वडलांनी केलं, मीबी करतोय.” मग मॅडमकडं बघून, “ह्या पावण्या कोण? माती खात्यात म्हनं.”

“तपासत्यात,” मी म्हटलं.

“मग तुमी पत्रक काढायच्या आदी खायची हुती की थोडी.”

मॅडम खो-खो हसल्या. मी हसले नाही. सगळ्या गावानं छपरावर बसून पाहिलेला पूर त्या कापात नव्हता, आणि जे अकरा होते ते चाचांच्या घरानं वेळोवेळी चोपून बसवलेले होते. घडलेलं गायब आणि न घडलेलं हजर. अहवालातलं ‘क्वचित’ आणि माझे ‘अकरा’ यांत काय फरक उरला, हे मला सांगता येईना.

गाडीत मॅडम एवढंच म्हणाल्या, “लोकांना कामाची असलेली माती नोंद म्हणून कामाची नसते. कुणालाच नको असलेली माती शोध.”

संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांना फोन केला. भला माणूस, तीस वर्षं रस्त्यावर काढलेली.

“अकराचं काय झालं म्हणतीस?”

“शून्य झालं.”

“अगं, सुनावणीला काय तोंड दाखवायचं? आणि कोण तिथं माती चावून बघणार हाय?”

“मॅडमनी चावली.”

“मॅडम आपल्या की.”

“म्हणूनच, दादा. त्यांच्या बाजूला एक जरी असला माती चावणारा, तर खालची गल्ली आपल्यामुळं बुडाली असं व्हईल.”

 दादा म्हणाले, “तू लिहिलंयस, तूच निस्तर.” योग्यच होतं.

दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं गेले आणि चाचांना या वेळी प्रश्न विचारला. गावात अशी कुठली जागा आहे, जिथं पुराचा गाळ येतो आणि तुम्ही तो उचलत नाही?

ते विचारात पडले. “उचलत न्हाय... मचूळ हिरीतला.”

भट्टी आणि गाव यांच्या मधोमध, रस्त्याच्या भरावाचे खुंट मारले होते त्यांच्या अगदी जवळ, एक पडकी विहीर होती. आसपासची जमीन पाणी देऊन देऊन खारावली तसं तिचं पाणी मचूळ झालं. पिता येईना, पिकाला चालेना, म्हणून सोडून दिली.

“आणि गाळ?”

“खारट गाळाच्या विटंला मीठ फुटतंय ताई. भिंत पांढरी पडती, पोपडे निघत्यात. फुकट दिला तरी कोण घेणार?”

मॅडमना फोन लावला तर पलीकडून त्या ओरडल्याच. “कठडा आहे का तिला?”

होता, मांडीएवढा. रोजचा पाऊस आजूबाजूची माती घेऊन तिच्यात उतरत नव्हता. पाणी कठड्याच्या वर चढलं तरच गाळ आत. म्हणजे थर असला तर तो पुराचाच, आणि तोही कठडा बुडवणाऱ्या. दोन पुरांच्या मधल्या वर्षांत वरच्या उंबराचा पाला तेवढा पडायचा.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःच आल्या. विहिरीच्या तळाला चिखल होता. चाचा आणि त्यांचा भाऊ दोर बांधून उतरले, नळाचा प्लॅस्टिक पाईप चिखलात ठोकून उभा घातला आणि तोंड बंद करून वर ओढला. मॅडमनी तो करवतीनं लांबीत चिरला. वरून पाल्याचा काळा पट्टा, मग पिवळट गाळ, खाली जाडसर आणि वर मऊ होत गेलेला. परत पातळ काळा पट्टा, परत गाळ.

“वरचा एकवीस,” मॅडम म्हणाल्या. “मधे पाला दोनच वर्षांचा, म्हणून पट्टा पातळ. खालचा एकोणीस. आता हा जाड काळा पट्टा बघ.”

त्याखाली गाळ होता. चाचा म्हणाले, “दोन हजार पाचचा. तवाबी हीर बुडालेली, मी सवता बघिटलंय.” त्याच्याही खाली आणखी एक थर होता, त्याचं साल गावात कुणी छातीठोक सांगेना. त्याच्या खालचं मात्र सगळं कालवलेलं. विहीर वापरात होती तेव्हा उपसलेली असणार.

“तिथंही दोन-तीन दिसतायत मॅडम,” मी म्हटलं. सवय जात नाही.

“तुला दिसतायत. मला दिसत नाहीत. तिथं लिहायचं, ‘वाचता येत नाही’.”

मी लिहिलं. माझ्या लिखाणातलं ते पहिलं असं वाक्य, ज्याच्यापुढं उद्गारचिन्ह येत नव्हतं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. मी चार पूर सांगितले. तीन ओळखीचे, एक बिनसालाचा, खालचं वाचता येत नाही. खाली बसणार तोच रस्त्याच्या बाजूचे सल्लागार उठले. हातात माझं पत्रक, बाजारातल्या गठ्ठ्यातलं.

“ताई, इथं अकरा लिहिलंय. आज चार. पुढच्या सुनावणीला किती?”

सभागृह हसलं. आमचे लोकही हसले. अध्यक्ष खाली बघत होते.

“अकरा खोटे आहेत,” मी म्हटलं. “ते मी लिहिलेत. तो काठ वीटभट्टीचा आहे, ते थर माणसानं केलेले आहेत. मी विचारलं नाही, ही माझी चूक. चार मात्र विहिरीतले आहेत. आणि आता तुम्ही सांगा, तुमचं ‘क्वचित’ कुठल्या मातीतलं आहे? ती जागा आम्हाला दाखवा, आम्ही तपासतो.”

त्यांनी फाईल चाळली.  मागून चाचांचा आवाज आला, “सायेब, एकोणीसचा पूर बघायचा आसंल तर माझ्या भट्टीच्या विटा बघा. गावात लई घरं हाईत!” परत हशा. पण आता सल्लागार हसत नव्हते.

सुनावणी घेणारे अधिकारी तोवर नुसतं लिहून घेत होते. ते म्हणाले, जागा बघून ठरवू.

आठवड्यानं आले. सोबत सल्लागार, एक मोजणीवाला, आम्ही. मी तोंड मिटून मागं उभी राहिले, हे मला अवघड गेलं. अधिकाऱ्यांनी कठड्यावर हात ठेवून आत वाकून पाहिलं. मग रस्त्याच्या खुंटांकडं, मग खालच्या गल्लीच्या छपरांकडं. चिरलेला पाईप मॅडमनी पुढं केला, तो त्यांनी लगेच घेतला नाही. आधी चाचांकडं वळले.

“या विहिरीतला गाळ शेवटचा कधी उपसला? आणि कुणी?”

मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. हाच प्रश्न मी काठापाशी विचारायला हवा होता, पत्रकाच्या आधी, पहिल्या चहाच्या वेळी.

“कोण उपसतंय सायेब,” चाचा म्हणाले. “खारट हाय. आमी सोडलीय तिला, लई वर्सं झाली. माझं लगीनबी न्हवतं झालं.”

अधिकाऱ्यांनी ते उत्तर वहीत लिहून घेतलं, कठड्याची उंची टेपनं मोजायला सांगितली, आणि मग हात पुढं करून पाईप मागितला.