शेजाऱ्याच्या माळ्यावरचा संसार

तिने नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. उरलेला देह तिच्या ऑफिसातल्या टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या पोटात गडप झाला होता. "शॉक बसला तर पाय धरून ओढा हो," असा आवाज आला, आणि आपलं लग्न त्या आवाजाशीच झालं, असं ती आजही शपथेवर सांगते.

लग्नानंतर त्या आवाजाला मतं फुटली. "फोटो इंटरनेट कंपनीकडे ठेवायचे, म्हणजे आपला संसार शेजाऱ्याच्या माळ्यावर टाकायचा!" म्हणून त्याने घरातच फोटो साठवायचं एक खोकं उभारलं. लेकीच्या पहिल्या पावलापासूनचं सगळं त्यात गेलं.

"अहो, एखादी कॉपी दुसरीकडे असू द्या. लेकीचं बालपण आहे ते."

"दोन डिस्क आहेत. एक मेली तर दुसरी आहे. मी काय दूधखुळा आहे?"

पण दोन्ही डिस्क एकाच खोक्यात होत्या आणि खोकं एकाच प्लगवर. एका दुपारी वीज गेली, येताना दुप्पट जोराने आली आणि खोक्यातून धूर निघाला. दोन्ही डिस्क जोडीने गेल्या.

लेक रडवेली झाली. तिच्या आईने कमरेवर हात ठेवले. "आता बोला!"

"बोलतो की! तत्त्व नाही चुकलं, प्लग चुकला," तो मान ताठ ठेवून म्हणाला. "उद्या दुसरं खोकं आणतो. पण त्या कंपनीच्या दारात जाणार नाही म्हणजे नाही."

त्याने खरंच दुसरं खोकं आणलं. त्यात लेकीचा सगळ्यात जुना फोटो ती नववीत असतानाचा आहे.