थोरल्या दिरांची जपानी पार्टी

परवा वाटणासाठी गॅसवर कांदा भाजताना थोरल्या दिरांची ती जपानी पार्टी आठवली. वीसेक वर्षं झाली असतील. फाउंड्रीनं तीन आठवडे जपानला पाठवलेला हा माणूस तिथला जावई असल्यासारखा बोलायचा. सासूबाईंच्या साठीला त्यांनी आम्हाला कोल्हापुरातल्या एका महागड्या हॉटेलात नेलं. तिथं टेबलातच निखाऱ्यांची शेगडी होती आणि आपलं मटण आपणच भाजायचं होतं.

"असं न्हाय! एकदाच उलटायचं, जपानात असंच करत्यात," ते सगळ्यांवर खेकसत होते. पहिला तुकडा त्यांनी मोठ्या ऐटीत सासूबाईंच्या बशीत ठेवला.

"बाळा, आज सोमवार हाय की," त्या हळूच म्हणाल्या. सोमवारी त्या मटणाला शिवत नसत. दिरांचा चेहरा पडला. लगेच त्याच म्हणाल्या, "असू दे. कांदा भाज मला. तुझ्या हातचं कधी खाल्लंय मी?"

कांद्याच्या चार चकत्या त्यांनी चवीनं खाल्ल्या.

दिरांचा मला तेव्हाही तिटकारा होता, आजही आहे. पण सोमवार आहे हे मला सकाळपासून माहीत होतं. त्यांची फजिती बघायची म्हणून मी गप्प बसले होते.