प्रमिलाचं पहिलं मत

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आमच्या शेजारी राहणाऱ्या प्रमिलाला मी सात वर्षांत कधी चिडलेली पाहिली नाही. तिच्या वाटचं चिडायचं काम मीच करते. अकोल्याहून ती आली नवऱ्याच्या व्हिसावर. घरात कुठलाही कागद आला की रविराज म्हणायचा, "इथे सही कर," आणि ही पोळी उलटता उलटता सही करून मोकळी. आता ती घरबसल्या माहितीपटांना मराठी उपशीर्षकं देते, पण सहीची सवय काही सुटली नाही.

यंदा मार्चमध्ये नगरपालिकेची निवडणूक होती. पाच वर्षं राहिलेल्या परदेशी माणसालाही इथे त्यात मत असतं. तिकडे मतदारयादीत नाव लागायच्या आतच लग्न होऊन इकडे आली, त्यामुळे प्रमिलाचं हे आयुष्यातलं पहिलं मत. तिच्या बाबांच्या लेखी बाबासाहेबांनी मिळवून दिलेलं मत म्हणजे घरातली एकमेव इस्टेट. महिनाभर ते फोनवर आठवण करून देत होते.

मतदानाच्याच आठवड्यात तिच्याकडे साउथ कॅरोलायनातल्या १८७६ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीचा माहितीपट आला. गुलामीतून सुटलेली काळी माणसं मत द्यायला निघालेली आणि लाल सदरे घातलेले गोरे घोड्यांवरून बंदुका घेऊन त्यांना धमकावणारे. काही ठिकाणी तर मतदारांपेक्षा मतंच जास्त निघाली. दोघांनी गव्हर्नर म्हणून शपथ घेतली आणि शेवटी केंद्राचं सैन्य माघारी गेल्यावर त्या घोडेस्वारांचा माणूस खुर्चीवर बसला. प्रमिला हे इतक्या थंडपणे सांगत होती की मीच टेबलावर मूठ आपटली.

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटून घ्यायला वेळ कुठाय? परवापर्यंत वाक्यं बसवून द्यायचीत."

मतदानाच्या दिवशी दुपारी तिने शेवटचं वाक्य बसवलं, चहा अर्धा टाकून उठली आणि कोट चढवला. मीही सोबत जाणार होते. पण मतदानाचं पत्र खणात नव्हतं. तिने रविराजला फोन लावला.

"अगं, ऑफिसला जाता जाताच दिलं दोघांचं. परवा पत्राच्या मागच्या बाजूला सही केलीस ना तू? इथे प्रॉक्सी चालते, एकाचं मत दुसऱ्याने टाकलेलं. तुझ्या पासपोर्टचा फोटो होताच माझ्याकडे. तेवढीच तुझी चक्कर वाचली."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, मदत केल्याचं समाधान होतं. त्याचाच मला जास्त संताप आला.

"कुणाला दिलंस माझं?"

"अगं, केवढा मोठा कागद तो. नावंच नावं. यादीतल्या खालच्या कुठल्यातरी बाईला दिलं बहुतेक. आता नाही आठवत. का गं?"

"काही नाही."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, आता तरी रडेल. ती कोट घालून तशीच उभी. तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"जय भीम, बाई! टाकलं का वं मत?"

"जय भीम. झालं, बाबा."

म्हातारा खुलला. "कोणाले टाकलं?"

"रविराजला आठवत नाही, बाबा."

बाबांना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.