दार लोटलंय, कडी नाही

शैलाताई बोंद्रे सकाळी कामाला बसल्या की आधी व्हिडिओ कॉल लावायच्या, लॅपटॉप ओट्याशेजारच्या टेबलावर ठेवायच्या आणि तो कॉल विसरून जायच्या. मीटिंग नाही, विषय नाही. दिवसभर तो नुसता उघडा. आमच्या टीममधल्या ज्याला वाटेल त्यानं यावं, बसावं, जावं.

पहिल्या दिवशी मी आत शिरले, तर समोर अर्धी खुर्ची, अर्ध्या शैलाताई आणि मागे कुकर. मी घाबरून म्हणाले, "सॉरी मॅडम, चुकून आले."

"चुकून कशी? दार लोटलंय, कडी नाही लावली," त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या. "बस. बोललंच पाहिजे असं नाही. आणि मॅडम कोणाले म्हणून राहिली?"

नागपूर सोडून त्यांना किती वर्षं झाली होती, पण नागपूरनं त्यांना सोडलं नव्हतं.

माझे बाबा जालन्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतेच. इंजिनिअर झाले, अमेरिकेत येऊन एम. एस. केलं. पण ऑफिसात कसं बोलायचं असतं, हे घरी कोणाला विचारणार? मालकासमोर मान खाली, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यात मला नोकरी लागली तेव्हा सगळे घरून काम करत होते. मी एडिसनला भाड्याच्या खोलीत एकटी. कंपनीचं ऑफिस न्यू जर्सीतच, पण शैलाताई तोवर टेक्सासला, फ्रिस्कोला राहायला गेल्या होत्या. लेक नर्स, संसारात एकटी, ड्युटीच्या वेळा उलट्यासुलट्या. छोटा नातू आरव आजीच्या भरवशावर.

त्या उघड्या कॉलमध्ये मी नोकरी शिकले. एकदा क्लायंटचा फोन आला, फार चिडलेला. शैलाताईंनी स्पीकर लावला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "चूक आमची आहे. कुठे झाली ते सापडलंय. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देते." ना रडगाणं, ना कारणं. आमच्याकडे बँडमध्ये चूक कबूल केली की त्या रात्रीची बिदागी जायची. चूक कबूल करूनही माणूस ताठ बसू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फोन ठेवून त्या पोळ्या लाटायला उठल्या.

साहेबाला 'शुक्रवारी होणार नाही, मंगळवारी देते' कसं म्हणायचं, तेही तिथंच ऐकलं. मध्येच आरव ओरडायचा, "आजी, यू आर ऑन म्यूट!" आणि त्या म्हणायच्या, "असू दे रे. कधी कधी तेच बरं असते."

मग हुकूम आला. सगळ्यांनी ऑफिसात यायचं, रोज. जे दुसऱ्या राज्यात गेलेत त्यांनी परत यावं, नाहीतर राजीनामा द्यावा. सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, नवी मुलं शेजारी बसल्याशिवाय शिकत नाहीत, हे सगळं त्यांच्यासाठीच आहे.

नवी मुलगी म्हणजे मी. मी हात वर केला. म्हणाले, माझे वडील बँडमध्ये वाजवतात, तेही उस्तादांच्या शेजारी उभं राहूनच शिकले, तेव्हा शेजाराची किंमत मला कळते. मग म्हणाले, माझा शेजार टेक्सासमध्ये आहे. मला जे येतं ते शैला बोंद्रेंनी शिकवलंय, आणि मी त्यांना अजून एकदाही प्रत्यक्ष भेटलेली नाही.

साहेबांनी आभार मानले आणि पुढचा प्रश्न घेतला.

लगेच शैलाताईंचा फोन. "काय गं वर्षा, व्हिसावर आहेस ना तू? तोंडाले काही दार-बिर?"

"तुम्हीच म्हणता ना ताई, कडी लावायची नाही."

म्हटलं, आता गहिवरणार. तर म्हणाल्या, "बोललीस चांगलं. पण मुद्दा शेवटी आला. आधी मुद्दा, मग बाबांचा बँड."

हुकूम काही बदलला नाही. मी चिडले, त्या नाही. "साहेबाचं अगदीच खोटं नाही गं," त्या म्हणाल्या. "शेजारी बसून शिकता येतेच. पण मी त्याच ऑफिसात किती वर्षं बसली. शेजारचा कानात बोळे घालून बसे, अन् फोन आला की काचेच्या खोलीत जाई. असा शेजार काय कामाचा?" आरवला सोडून जाणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी तसं दोन ओळींत लिहून कळवलं. आधी मुद्दा.

शेवटच्या दिवशी कॉल संध्याकाळपर्यंत उघडा होता. एकेक जण येऊन भेटून गेला. शेवटी मीच उरले. मागे कुकरची शिट्टी झाली.

"चल, बंद कर," त्या म्हणाल्या.

"तुम्ही करा ना ताई."

"मी नाही करत बाप्पा. मी आपल्या हातानं कधी कडी लावली का?"

शेवटी मलाच लाल बटण दाबावं लागलं.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. कॉल, क्लायंट कशाचाच त्यांना पत्ता नाही, पण त्यांनी विचारलं, "तुझा उस्ताद गेला म्हण की?"

"गेला, बाबा."

"मग आता तू मोठ्यानं वाजव. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

आता मी रोज गाडी चालवत ऑफिसला जाते. परवा क्लायंटचा फोन आला, तापलेला. चूक आमचीच होती, खरं तर माझीच. सवयीप्रमाणे शेजारच्यानं काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. मी जागेवरच बसले, पाठ ताठ केली आणि आमच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, चूक माझी आहे, कुठे झाली ते सापडलंय.

फोन ठेवून वळून पाहिलं. मागच्या टेबलावरच्या नव्या मुलीनं हेडफोन काढून गळ्यात ठेवले होते.