सुभेदाराच्या नावानं रोडगे

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि बायकोला मी पोटातलं सगळं सांगतो — न विचारलेलंही सांगतो, तिनं हात जोडले की मगच थांबतो. तुम्हाला मात्र सांगतो आहे. काहून? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की तुम्हाला मधे बोलता येत नाही म्हणून? असो. जरा सरकून बसा.

आधी एक ध्यानात घ्या, मी थापाड्या माणूस आहे. चांदूर बाजारजवळ माझं झेंडूचं वावर, अमरावतीत फुलांचं दुकान. दसऱ्याला माझा झेंडू एवढा फुगतो की एका फुलाच्या सावलीत बैलजोडी विसावा घेते. हे कोणी खरं मानत नाही, मानावं म्हणून मी सांगतही नाही. थापेचाही एक धर्म असतो बाप्पा — ऐकणाऱ्याला ठाऊक पाहिजे की ही थाप आहे. तो धर्म मी बुडवला. बुडवला, आणि वर ढेकर दिली.

माझे बापूमामा बार्शीटाकळीचे. जन्मभर वांगी-मिरच्या पिकवल्या आणि तेवढ्याच निष्ठेनं एक कादंबरीमाला वाचली. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला टांगलेली असते ना, मुखपृष्ठावर हमखास एक हेलिकॉप्टर आणि एक जळता पूल — तीच. तिच्यात कोरझान नावाचा देश आहे. पृथ्वीवर तो कुठंच नाही, पण मामांना त्याचे तालुके पाठ. तिथं दर भागात सरकार उलथतं, संरक्षणमंत्री फितूर निघतो, राष्ट्रपती विमानात चढला की समजायचं, हा काही पायांनी उतरत नाही. आणि हे सगळं निस्तरायला आपला मेजर निषाद सरहद्दीवरून उड्या मारत जातो. मागून त्याचा सुभेदार, धोंडू — कमी बोलणारा, सगळा दारूगोळा एकट्याच्या पाठीवर वाहणारा.

मामांचा जीव मेजरवर नव्हता. "मेजर काय, भाषण देते," मामा म्हणायचे. "काम तं सुभेदार करते ना बे." अकोल्याच्या बाजारात वांग्याचा भाव पडला तरी त्यांचा संशय कोरझानवर.

मग काचबिंदूनं मामांची नजर गेली, तीही नवव्या भागाच्या ऐन मध्यावर. तेव्हा वाचनाचं काम माझ्याकडे आलं. दुपारची जेवणं झाली की मामांचा फोन यायचा. तिकडे ओट्यावर शेजारपाजार गोळा, फोन स्पीकरवर. इकडे मी दुकानात पुस्तक मांडीवर ठेवून, हार ओवता ओवता वाचायचो. वाचायचो म्हणजे काय — पुस्तकी मराठी वऱ्हाडीत ओतायचो. माझा कोरझानी हुकूमशहा गरजायचा, "काहून बे मेजर, घरी माय वाट पाहून राहिली ना तुई?" ओटा खदखदायचा. हळूहळू कोरझानची फौज भाकरीबरोबर ठेचा मागू लागली. इथवर कोणाचं काय बिघडलं होतं? काहीच नाही.

नववा भाग संपला तेव्हा सुभेदार जळत्या पुलावर, छातीत गोळी, खाली नदी — आणि पुढचं पुढच्या पुस्तकात! मामांना घास गोड लागेना. त्यांनी काय केलं असेल? नवस बोलले. मारोतीला! सुभेदार वाचला तर गावाला रोडगे घालीन. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "माह्या आपरेशनच्या वक्ती एका नारळावर भागवलं या माणसानं. अन् कागदातल्या शिपायाले रोडगे!"

तुम्ही रोडगे खाल्लेत का कधी? नसतील तर तुमचा जन्म अजून सुरू व्हायचा आहे. गव्हाचे पदरदार गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुचकळायचे, आणि वर वांग्याची तर्रीदार भाजी. देव नवसाला पावला की आमच्याकडे वावरात हीच पंगत बसते.

दहावा भाग आला. दुपारी फोन लागला. मी पहिलं पान उघडलं — सुभेदाराची अंत्ययात्रा. तिरंगा, तोफांची सलामी, मेजर खांदा देतो आहे. पलीकडे ओटा फोनवर वाकलेला. मामांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "वाचला ना बे शंकऱ्या?"

"वाचला मामा! कोळ्याच्या जाळ्यात सापडला नदीत!"

तिकडून अशी आरोळी उठली की माझ्या दुकानातले हार हलले. मला मामांची कीव आली होती, असं इथं लिहायला किती सोपं आहे! थोडी आली असेलही. पण खरं सांगू? माझ्या डोळ्यांपुढे रोडगे होते. तुपासकट.

आणि काय पंगत झाली! धूर असा उठला की तिवस्याच्या लोकांना वाटलं, कोरझानात लढाई लागली. मारोतीपुढे मामांनी नारळ फोडला, "सुभेदाराले सुखी ठेव रे बाबा," म्हणाले, आणि गावानं मनापासून 'बोला बजरंग बली की' केलं. मी एवढं हाणलं की उठता उठेना. शेवटी बैलगाडीत घालून मामांच्या घरी नेलं — बैलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं होतं, आठवतं मला.

पण एकदा जगवलेला माणूस पोसावा लागतो! पुढच्या प्रत्येक भागात सुभेदार कुठंच नाही, आणि मामांचा पहिला प्रश्न, सुभेदार काय करून राहिला? मग मी करवलं. त्याला मूळचा बार्शीटाकळीचा केला. एकदा त्यानं अण्वस्त्राची कळ वांग्याच्या पोत्यात घालून तीन चौक्या पार केल्या, पहारेकऱ्यांना भाजी आवडली म्हणून ते उलट्या दिशेनं सलाम करत राहिले. एकदा दोन्ही फौजांना समोरासमोर पंगतीला बसवून त्यानं तह घडवला. त्याचं लग्न लावलं. मामीनं आहेराचं काय, म्हणून विचारलं. मूळ पुस्तक मी फक्त शहरांची नावं पाहायला उघडायचो. ओट्यावरच्या कोणाला पुस्तक हातात घ्यायची गरजच नव्हती. मी होतो ना!

फार मजा आली. हे लपवत नाही. आजही आठवलं की एकटा हसतो.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एका आंधळ्या म्हाताऱ्याला हसवलंस, त्याचा कसला कबुलीजबाब? बरोबर आहे. एवढंच असतं तर मी हे चारचौघांत मिशीवर ताव देऊन सांगितलं असतं. मघापासून मी गोल गोल फिरतो आहे, कळतंय ना तुम्हाला? फिरतोच आहे.

प्राजक्ता. मामांची नात, माझ्या मामेभावाची पोरगी. अकोल्याला कॉलेजात शिकायची. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की तिचा आवाज थरथरायचा, लहानपणापासूनच. एका सुटीत ती आली ती नवा भाग घेऊनच. "आबा, या वेळी मी वाचून दाखवते." मामांचा चेहरा काय उजळला! मीही त्या दिवशी बार्शीटाकळीलाच होतो, ओट्यावर, पोह्यांची बशी हातात. मी तिला अडवायला पाहिजे होतं. कसं अडवणार होतो?

पोरीनं सुरुवात केली. आधी आवाज कापत होता, मग बसला. छान वाचत होती हो. आणि दुसऱ्या का तिसऱ्या पानावर आलं, मेजर निषाद सुभेदार धोंडूच्या समाधीवर फुलं वाहतो.

"थांब," मामा म्हणाले. "कोनाच्या समाधीवर?"

तिनं पुन्हा वाचलं. तेच.

"सुभेदार मेला? अवो, मागच्या भागात त्याले पोरगं झालं!"

"आबा, इथं लिहिलंय की तो पुलावरच—" ती गोंधळली. मामांनी मान अंदाजानं माझ्या दिशेला वळवली. "शंकऱ्या, तू सांग. का होय हे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. प्राजक्ताही. तिला वाटत होतं, काका सांगतील. काकांनी तर सगळे भाग वाचलेत.

आणि मी — नेहमीच्या त्याच हसऱ्या आवाजात, पोहे खाता खाता — म्हणालो, "मामा, तिचं अर्धं ध्यान मोबाइलात. पानं गाळून वाचून राहिली ते! पोट्टीनं आपला सुभेदार मारून टाकला!"

ओटा फुटला. मामा सगळ्यांत मोठ्यानं हसले, सुटल्यासारखे. कोणी तरी म्हणालं, "पानगाळी!" आणि ते नाव तिला चिकटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुस्तक तसंच उघडं माझ्यासमोर धरलं, ती ओळ दिसेल असं. मी पोह्यांतला शेंगदाणा शोधत राहिलो. मग तिनं पुस्तक मिटून बाजेवर ठेवलं आणि आत गेली.

तिला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोलतो आहे हेही, आणि का बोलतो आहे हेही. तिनं आबांना सांगितलं नाही. मला वाचवायला नव्हे — आबांच्या सुभेदाराला. मी रोडग्यांसाठी जगवलेला माणूस त्या पोरीनं स्वतःच्या नावावर बट्टा घेऊन जगवला. त्यानंतर तिनं मामांना काही वाचून दाखवलं नाही. पेपरसुद्धा नाही. आज ती नोकरीला आहे. घरी आली की म्हातारे कौतुकानं "आली का पानगाळी" म्हणतात, ती हसते. मीही म्हटलं आहे. होय, मीही.

मामा मजेत आहेत. सुभेदारही. कालच मी त्याला कोरझानचा कृषिमंत्री केला, ओट्यानं टाळ्या वाजवल्या. मी वाईट अवस्थेत आहे, रात्र रात्र झोप नाही, असलं काही मी म्हणणार नाही. मी चांगला झोपतो. घोरतो.

प्राजक्तानं त्या दिवशी एकही पान गाळलं नव्हतं. शब्दन् शब्द जसा छापला होता तसा वाचला. सुभेदार दहाव्या भागाच्या पहिल्या पानावर मेलेला आहे. मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलं.

हे छापून आलं की पहिली प्रत तिला पाठवीन. आबांना वाचून दाखवायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.