डावखुरी पोरं

परळच्या एका हॉलमध्ये शाळेतल्या जुन्या तक्त्यांचं प्रदर्शन होतं. आमच्या तिसरीच्या वर्गातला तक्ता तिथे दिसला आणि मी थांबलो. एक मुलगा पाटीवर लिहितोय, एक मुलगी कान दुमडलेल्या वासराला गवत भरवतेय, धाकटा कागदावर मोर रंगवतोय. खाली चिठ्ठी होती, 'चित्रकार अज्ञात'.

माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती. साधी सुती साडी, खांद्याला भाजीची पिशवी, आणि मान तिरकी करून ती चित्राकडे अशी बघत होती, जणू पोर शाळेतून घरी आलंय.

"ही सगळी मुलं डावखुरी आहेत," माहिती सांगणारी तरुणी आम्हाला म्हणाली. "छपाईत चित्र उलटं झालं असावं."

"नाय गो बाय," म्हातारी म्हणाली. "मग पाटीवरचा 'ग' सुलटा कसा?"

तरुणी वाकून पाटीवरचं अक्षर बघू लागली. म्हातारीने न विचारताच माझ्या खिशातलं पेन काढलं आणि प्रदर्शनाच्या पत्रकाच्या पाठीवर डाव्या हाताने चार रेघांत तेच वासरू उभं केलं. तोच दुमडलेला कान!

"शाळेत डाव्या हातानं लिवलं की बाई छडी मारायच्या," पेन परत देत ती म्हणाली. "मग छापखान्यात चित्रं काढायला लागले, तेव्हा सगळ्या पोरांना डावखुरं केलं. कुणाच्या लक्षातच नाय आलं!"

"आमच्या वर्गात बाईंच्या छडीच्या बरोबर वर टांगलेला होता हा तक्ता," मी म्हणालो.

"मग जिंकले की मी!" म्हणत तिने टाळीसाठी हात पुढे केला. डावाच.